गणपा हरी म्हणाला नाही

मंडळी, ऐका. पूर्वरंग आज थोडक्यात आवरला, कारण आख्यानाला वेळ लागणार आहे. विष्णुपंत, पेटी जरा बंद ठेवा. लागली तर खूण करीन. बहुतेक लागणार नाही.

आधी एक प्रश्न. आपल्या घरातला एखादा जीव ओरडतोय. त्याला काहीतरी सांगायचंय. आपण तो आवाज ऐकतो आणि आपल्याला बरा वाटेल असा अर्थ त्याला लावतो. मग तो अर्थ चार लोकांना सांगतो. लोकांना आवडतो. लोक आपल्या पाया पडतात. आता सांगा — याला ऐकणं म्हणायचं का?

इतक्यात मान हलवू नका. मान हलवायला काय लागतं? कीर्तनात सगळेच माना हलवतात. मी वीस वर्षं तेच काम करते आहे, लोकांच्या माना हलवायचं.

तर आख्यान. यात राजा नाही, ऋषी नाही, शेवटी विमान येणार नाही. एक म्हातारा आहे, एक पोपट आहे, ब्लाउज शिवणारी एक बाई आहे आणि एक कीर्तनकार आहे. त्यांतली शेवटची तुमच्यासमोर उभी आहे.

दोन वर्षांपूर्वी याच मंडपात, याच पौषातल्या उत्सवात, मी तुम्हाला माझ्या वडिलांच्या मरणाची गोष्ट सांगितली होती. आठवते? — बघा, आठवते. मी म्हणाले होते, आबा गेले तेव्हा घरात माणूस नव्हतं, फक्त त्यांचा पोपट होता. आणि तो पोपट आबांच्या शेवटच्या श्वासापर्यंत 'हरी, हरी' म्हणत होता. या पुढच्या रांगेतल्या आजी तेव्हा पदर तोंडाला लावून रडल्या होत्या. तात्या, उत्सवाचे कारभारी तुम्ही, तुम्हीही चष्मा काढून पुसलात. मीही रडले. रडताना सूर कुठे सोडायचा नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

मंडळी, ती गोष्ट खोटी होती.

गप्प झालात. तेव्हाही असेच गप्प झाला होतात. मंडपातली शांतता बाहेरून सारखीच दिसते, खऱ्याची काय आणि खोट्याची काय.

आता खरी गोष्ट.

माझे वडील तासगावात शिलाई मशीन दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं केलं. आई लवकर गेली, मी लग्न होऊन सांगलीला गेले, आणि घरात आबा एकटे राहिले. पुढची खोली त्यांनी मालनबाईला भाड्यानं दिली होती. ती ब्लाउज शिवायची. तिच्या मशीनचं तेलपाणी आबा बघायचे, आबांची भाकरी ती करायची. असं चाललं होतं त्यांचं. सांगलीहून तासगाव म्हणजे एसटीनं तासाभराची वाट. पण मी पडले कीर्तनकार. मातापित्यांच्या सेवेवर बोलायला मला लांबलांबून बोलावणी यायची, त्यामुळे वडिलांकडे जायला जमायचं नाही.

हसा, हसा. हा विनोदच आहे.

पोपट कुठून आला? रस्ता रुंद करताना गल्लीच्या तोंडाचं चिंचेचं झाड तोडलं, त्याच्या ढोलीतून पिल्लू खाली पडलं. डावा पंख मोडलेला. आबांनी हातातलं काम टाकलं, खराट्याची काडी घेतली आणि शिलाईच्या दोऱ्यानं पंखाला बांधली. पंख जुळला, पण वाकडा. पाखरू जगलं, पण उडणं संपलं. त्याचं नाव ठेवलं गणपा.

मी म्हटलं, "आबा, पोपटाचं नाव गणपा? मिठू तरी ठेवायचं."

आबा म्हणाले, "मिठू गावात शंभर आहेत. एकाला हाक मारली की सगळे वळतील."

चौदा वर्षं राहिला गणपा त्यांच्याजवळ. पिंजरा होता, पण दार उघडं असायचं. दिवसभर आबांच्या समोर मशीनच्या चाकावर बसायचा, चाक फिरलं की पाय उचलून पुढं टाकायचा, सर्कशीतल्यासारखा. बोलायचा म्हणाल तर फार नाही. शिलाई मशीनच्या पायट्याचा खडखडाट हुबेहूब काढायचा. आणि दाराशी कुणी आलं की आबांच्या आवाजात विचारायचा, "कोण आलं?" संपलं. देवाचं नाव त्यानं कधी घेतलं नाही. आबाही फारसे घेत नसत. मुलगी घेते आहे तेवढं पुरे, म्हणायचे. चेष्टेनं म्हणायचे की कसे, ते मी विचारलं नाही.

आता आबा गेले तो दिवस. भाद्रपद होता. मी नाशिककडे सात दिवसांच्या कीर्तनांना गेलेली. मालनबाई आदल्या दिवशी मिरजेला लेकीकडे गेली होती, मुक्कामाला. सकाळी सहाच्या सुमारास आबा न्हाणीघराच्या दारात पडले. आणि गणपा ओरडायला लागला.

नुसता ओरडायला लागला, मंडळी. शब्द नाही, नाव नाही. पोपट घाबरला की जी किंकाळी मारतो ना, कानात सुई घातल्यासारखी, ती. एकामागून एक. सहा वाजल्यापासून अकरापर्यंत. उडता येत नव्हतं, दाराची कडी काढता येत नव्हती. येत होतं तेवढं त्यानं केलं. पाच तास केलं.

गल्ली ऐकत होती. सगळ्यांनी ऐकलं. एक गृहस्थ आपल्या गॅलरीतून ओरडले म्हणे, "आबा, गप करा की त्याला, पोरगं अभ्यासाला बसलंय." दुसऱ्या कुणी खिडकी लावून घेतली. माणसं वाईट नव्हती. तीच माणसं खांदा द्यायला आली.

अकराला मालनबाई आली. तिनं शेजारच्यांना हाक मारून दार फोडायला लावलं. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "आठ-नऊपर्यंत जीव असावा. जरा आधी कळलं असतं तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. चांगला माणूस.

मी संध्याकाळी पोचले. मालनबाई माझ्याशेजारी बसून म्हणाली, "ताई, मी आले तवा गणपाचा आवाज बसला होता. चोच उघडायचा, पन आतनं काय येत न्हवतं."

ही खरी गोष्ट. आबांसाठी त्या सकाळी जगात एकच जीव हाका मारत होता, आणि तो पक्षी होता. मुलगी नाशिकला हार घालून घेत होती.

मग ते 'हरी, हरी' कुठून आलं? सांगते. चार महिन्यांनी मी तुमच्याकडे आले. आख्यान रंगात होतं. वडिलांचं नुकतंच झालंय हे तुम्हाला ठाऊक होतं, तुम्ही माझ्याकडे जरा मायेनं बघत होतात. आणि माझ्या तोंडातून एक वाक्य गेलं — "माझ्या आबांचा पोपट शेवटपर्यंत हरिनाम घेत होता." ठरवून नाही बोलले. गेलं. मागे घेता आलं असतं. पण या आजी रडल्या, आणि मला वाटलं, असू दे. मला ते वाक्य हवं होतं, मंडळी. 'तो मदतीला ओरडत होता आणि मी नव्हते', हे वाक्य घेऊन झोप येत नाही. 'तो हरी म्हणत होता' हे घेऊन येते.

तुम्हाला वाटेल, दुःखात माणूस बोलतं एखादं. एकदा बोलले असते तर दुःख होतं. मी ते पुढं बावीस गावांत सांगितलं.

आता गणपाकडे या. तेराव्याच्या दिवशी मालनबाई म्हणाली होती, "ताई, ह्याला राहू द्या माझ्यापाशी. त्याला ह्या घरचा सोपा ठावा हाय, मशीनचा आवाज ठावा हाय."

मी म्हटलं, "आबांची आठवण आहे ती. माझ्याकडेच हवी."

"आठवण हाय खरी," ती म्हणाली, "पन खाती-पिती आठवण हाय. जमंल का?" आणि सांगायला लागली. सकाळी पेरूची फोड, एक हिरवी मिरची, दुपारी कोवळं कणीस. अंगावर हात टाकायचा नाही, आपला हात पुढं धरून थांबायचं, तो येतो. संध्याकाळी पिंजऱ्यावर फडकं टाकताना 'येतो रे' म्हणायचं, नाहीतर घाबरतो. मी "हो, हो" म्हणत होते. माझ्या घरी पुस्तकांची दोन कपाटं आहेत. ब्लाउज शिवणाऱ्या बाईनं मला सांभाळणं शिकवावं? त्या दोन कपाटांत पोपटावरचं एकही पुस्तक नाही, हे मात्र घरी गेल्यावर लक्षात आलं.

पहिल्याच दिवशी मी त्याला धरायला गेले आणि त्यानं माझं बोट फोडलं. मी पंच्यात गुंडाळून पिंजऱ्यात टाकला आणि दाराला तारेनं पीळ दिला. चौदा वर्षं उघडं असलेलं दार. कारण काय? पोथ्या कुरतडेल.

आणि बोलणं बंद. 'कोण आलं' नाही, पायट्याचा खडखडाट नाही. भेटायला येणारे पिंजऱ्याशी वाकून म्हणायचे, "आबांचा आवाज काढ रे." मीही वाकायचे, कुणी नसताना. खरं सांगते, तो 'कोण आलं' म्हणाला असता तर मी 'मी आले' म्हणायला तयार होते. पण तो माझ्याकडे पाठ करून बसायचा.

इथवर फक्त दुःख होतं. पाप पुढे आहे.

त्या पहिल्या उत्सवाच्या शेवटी तात्या माझ्याकडे आले. तात्या, तुमचं नाव घेते आहे, राग मानू नका. माझंही घेतेच आहे. तात्या म्हणाले, "ताई, पुढल्या वर्षी त्या पोपटाला घेऊन या. आमच्या पोराबाळांना बघू दे. मंडपात नाव घेतलं त्यानं, तर दहा गावांत बोलबाला होईल उत्सवाचा." मी काय म्हणावं? 'तात्या, तो नाव घेत नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "आणते."

झालं. आता माझ्या हातात एक वर्ष होतं, आणि एक मुका पोपट.

पहिल्यांदा नाव बदललं. हरिनाम घेणारा पोपट आणि नाव गणपा, शोभतं का? त्याला हरिदास म्हणायला लागले. त्यानं ढुंकून पाहिलं नाही. मग आहार. मिरची बंद, तामसी म्हणून. कणीसही बंद, का ते आठवत नाही. दूधभात, तुपातला शिरा, प्रसाद. आणि ज्येष्ठातल्या एकादशीपासून मी त्याला एकादशी घडवायला लागले. होय. पोपटाला. धान्य नाही. साबुदाण्याची खिचडी, तुपातली, मीठ आणि दाण्याचं कूट घालून, छोट्या चांदीच्या वाटीत. तो वाटी पायानं उलटी करायचा. मी परत भरायचे. मला वाटायचं, काय हट्टी जीव आहे. आता सांगा, दोघांत हट्टी कोण होतं?

तरी तो बोलेना. मी तात्यांना फोन केला. तात्या म्हणाले, "आमच्या मामांकडं होता एक. सकाळी खायला द्यायचं नाही. नाव घेतलं की पेरू, न्हाई घेतलं तर न्हाई. आठ दिवसांत बोलतोय बघा."

तात्या, मान खाली घालू नका. तुम्ही सांगितलंत, केलं मी. पेरूची फोड हातात धरून मी पिंजऱ्यासमोर बसायचे. सकाळी सहाला फडकं काढायचं आणि सुरुवात. "हरी म्हण. म्हण, हरी." तो फोडीकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा. अकरापर्यंत. अकराला मला स्वयंपाकाला उठावं लागायचं, म्हणून काहीतरी टाकायचे.

सहा ते अकरा. हे तास मी निवडलेले नव्हते. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावरही मी थांबले नाही.

मार्गशीर्षात मालनबाई अस्तराचं कापड घ्यायला सांगलीला आली, आणि गणपाला बघायला घरी. पिंजऱ्यासमोर उभी राहिली. तिनं वाकून आत बघितलं.

"ह्याची छाती उघडी पडलीया, ताई."

मी म्हटलं, "पिसं झडतात. ऋतू असतो त्यांचा."

"झडत न्हाईत. उपटतोय त्यो. हे बघा की रगात." मग म्हणाली, "काय देता खायला?"

"सात्त्विकच देते सगळं. दूधभात, शिरा, खिचडी."

"आन मिरची?"

"मिरची तामसी असते, मालनबाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "ताई, त्यो पोपट हाय. त्याला कुठं मोक्षाला जायचंय?"

हसलात. ती हसत नव्हती, आणि मला तर राग आला होता. मी म्हटलं, "तुम्हाला यातलं कळायचं नाही."

"न्हाई कळत," ती म्हणाली. "माझ्या सासूनं मला येक वरीस अशीच दारामागं उपाशी ठिवली हुती. वळण लावाय. मला तेवढं कळतं." आणि पदर खोचून तिनं पिंजरा उचलला. "चला दवाखान्यात. तुम्ही न्हाई आला तर मी एकली जाते."

गेले मी. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर मुजावर म्हणून आहेत. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "ताई, मी गाईम्हशींचा माणूस. पण पाखरू अडचणीत आहे हे कळायला पाखरांचा डॉक्टर लागत नाही." त्यांनी टॉवेलात हळू धरून पोट चाचपलं, विष्ठा बघितली. "तूप कुणी घातलं? मीठ? याचं यकृत गेलंय सुजून. उपाशीही राहतोय हा."

मालनबाई माझ्याकडे बघत नव्हती. ते जास्त लागलं.

डॉक्टर म्हणाले, "पेरू द्या, मिरची द्या, कणीस द्या. दार उघडं ठेवा. समोर कुणीतरी बसून आपलं काम करत राहू दे, बस. आणि हा आपल्याकडचा पोपट आहे, घरी ठेवायची परवानगी नसते. आबांनी जीव वाचवला ते ठीक. आता वन खात्याला कळवा, त्यांच्याकडे सोय असते अशा पाखरांची. मी चिठ्ठी देतो. उशीर करू नका."

मी विचारलं, "पौषात केलं तर चालेल?"

"पौषात काय आहे?"

"उत्सव आहे."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "त्याला विचारा चालेल का."

दवाखान्याच्या पायरीवर मालनबाईनं पुन्हा मागितला. "द्या माझ्याकडं. महिनाभर द्या नुसता. बरा झाला की न्या, बोलवा, नाचवा, काय करायचं ते करा."

नाही दिला. मंडळी, एवढंच लक्षात ठेवा. त्या दिवशी तो वाचला असता किंवा नसता, मला माहीत नाही. पण द्यायची वेळ होती, मागणारं माणूस समोर होतं, आणि मी नाही दिला. कारण दिला असता तर पौषात तुम्हाला काय दाखवलं असतं?

आता गेल्या वर्षीचा उत्सव. हे तुम्हीच मला सांगायला हवं, तुम्ही होतात. इथं या चौरंगावर पिंजरा ठेवला होता. छाती दिसू नये म्हणून मी पिंजऱ्याला झेंडूची माळ गुंडाळली होती, दाट. तुम्हाला वाटलं, काय कौतुक आहे. कर्णा त्याच्या डोक्यापासून दोन हातांवर. समोर तुम्ही सातआठशे माणसं. पोरं दोरी ओलांडून पुढं येत होती. मी आख्यान लावलं. आबा, पहाट, शेवटचा श्वास. आणि हात करून म्हटलं, "तोच हा जीव."

तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आणि त्यानं किंकाळी फोडली.

सव्वा वर्ष न उघडलेला आवाज उघडला. एकामागून एक. मी तो आवाज पूर्वी ऐकला नव्हता, कारण त्या सकाळी मी नव्हते. पण ऐकल्याबरोबर ओळखला. अंगावर काटा आला तो भक्तीचा नव्हता. तो मला काय सांगत होता, ते मला या मंडपात सगळ्यांत जास्त कळत होतं. मी काय केलं? विष्णुपंत, तुम्हाला आठवेल. मी तुम्हाला आणि तबल्याला खूण केली — वाढवा. आणि गजर धरला. तुम्ही सगळ्यांनी धरलात. आठशे माणसांच्या गजरात एका पोपटाचं काय चालतं?

बायकांच्या बाजूला एक बाई उठून उभी राहिली. तुम्हाला वाटलं, अंगात आलं. तुमच्यातल्या कुणीतरी तिला म्हटलं, "ए बाई, खाली बस." ती मालनबाई होती. तासगावाहून एसटीनं आली होती, गणपाला बघायला. ती गर्दीतून पुढं आली, चौरंगावर हात घातला आणि मला म्हणाली, "ताई, त्या दिवशीबी असाच ओरडला असंल. कुनी ऐकलं न्हाई."

मी गजर थांबवला नाही.

तिनं माळ तोडली, पिंजरा छातीशी धरला आणि मंडपाबाहेर गेली. मी आरतीपर्यंत कीर्तन नेलं. तुम्ही पाया पडलात. एक जण म्हणाले, "पाखरू बावरलं, ताई, पण भाव पोचला." मी म्हटलं, "देवाची इच्छा."

दुसऱ्या दिवशी तासगावला गेले. मालनबाई मशीनवर होती. गणपा तिच्या पायाशी, चिंध्यांच्या टोपलीत. मान पिसांत घातलेली. तिनं मला बस म्हटलं नाही. शिवता शिवता म्हणाली, "पिंजऱ्यातली वाटी कोरडी हुती, ताई. पान्याचा थेंब न्हवता."

त्या सकाळी मी त्याला खायला मुद्दाम दिलं नव्हतं, मंडपात बोलावा म्हणून. पाणी मात्र मुद्दाम टाळलं नव्हतं. विसरले. माळ गुंफण्यात विसरले.

मी म्हटलं, "डॉक्टरांची चिठ्ठी आहे. वन खात्याला कळवू."

"कळवा," ती म्हणाली. "आता मोकळ्याच हाय तुम्ही."

कळवलं. ते म्हणाले, परवा येतो. तिसऱ्या दिवशी दुपारी मालनबाईचा फोन आला. ती फोनवर कधी फार बोलत नाही. म्हणाली, "गेला."

आता नीट ऐका. आख्यान इथपर्यंत येण्यासाठीच सांगितलं. एक जीव गेला. आबांसाठी ओरडणारा एकुलता एक जीव. मी उपाशी ठेवलेला, मी माळेत झाकलेला. आणि ती बातमी ऐकून माझ्या तोंडून काय निघालं असेल?

मी विचारलं, "जाताना काही बोलला का?"

मालनबाईनं फोन ठेवला. त्यानंतर ती माझा फोन घेत नाही. मी तिला या उत्सवाचं निमंत्रण कार्डानं पाठवलं, त्याचंही उत्तर नाही. बरोबर आहे तिचं.

तर तो पहिला प्रश्न, याला ऐकणं म्हणायचं का. आता मान हलवलीत तर चालेल. पण हलवण्याआधी जरा थांबा, मी तुमच्याकडे वळणार आहे. माझी गोष्ट ऐकून 'ताई फार वाईट वागली' म्हणत घरी जायची सोय मी तुम्हाला देणार नाही.

याच गावात, गेल्या नवरात्रात, एक सून घुमायला लागली. तुम्ही तिला मखरात बसवलंत, खणानारळानं ओटी भरलीत, पाया पडलात. तिला घरात काय होतंय, हे किती जणांनी विचारलं? आवाज करणाऱ्याच्या पाया पडलं की त्याचं ऐकावं लागत नाही. फार स्वस्त उपाय आहे, मी वापरलेला आहे.

एखाद्या घरात म्हातारा दिवसभर कण्हतो. लेक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, नामस्मरण चाललंय आमच्या अण्णांचं. एखाद्या घरात म्हातारी जेवत नाही. सून म्हणते, विरक्ती आली हो सासूबाईंना, घासभर खातात. तिला विरक्ती आलेली नसते. तिचा दात दुखत असतो. सांगून सांगून थकली, आता सांगत नाही. आणि आपण तिला साध्वी करून टाकतो, कारण साध्वीला दातांच्या डॉक्टरकडे न्यावं लागत नाही.

आबांच्या गल्लीला मी कितीदा मनात बोल लावला. खिडकी लावून घेतली म्हणून. खिडकी लावणाऱ्याला निदान त्रास तरी झाला, मंडळी. आवाज त्याच्या कानात शिरला होता. मी त्याच आवाजाला चाल लावली.

देव कुठे आहे यात, असं कुणी विचारील. मला माहीत नाही. वीस वर्षं त्याच्या नावावर बोलून आज हे सांगते आहे. एवढं वाटतं की सहा ते अकरा जो कुणी ओरडत होता, त्याच्या आसपास कुठेतरी असावा. माझ्या चौरंगाच्या आसपास नव्हता.

आरती तुम्हीच करून घ्या. तात्या, हार ठेवून द्या. पाया पडायला कुणी पुढं येऊ नका, आणि डोळ्यांत पाणी असेल तर पुसून टाका, त्याचा मागंही कुणाला उपयोग झाला नाही. उठा, घरी जा. कण्हणाऱ्याच्या उशाशी बसा. न जेवणाऱ्या म्हातारीला विचारा, "आई, दात दुखतोय का?" आणि ती काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐका.

मला मात्र येऊन सांगू नका. मी त्याचं आख्यान करीन.